निरपेक्ष प्रेम आणि आनंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या घराच्या ओट्यावर दर गुरुवारी दिवेलागणीनंतर दहा-पंधरा जण जमतात. थोडं वाचन, थोडा जप आणि मग गप्पा. जे समोर विचारायला संकोचतात ते जाताना चिठ्ठी ठेवून जातात, काही जण रात्री व्हॉट्सअॅपवर लिहितात. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. गाव बदलतं, घर बदलतं, पण प्रश्न तेच येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. एकच प्रश्न अडला असेल त्यांनी सरळ तिथे जावं, सगळं ओळीने वाचायची गरज नाही.

१. निरपेक्ष प्रेम म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (शेतावर वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं) साल ठरतं. वर्षाचे किती पैसे, धान्य किती, सुट्या किती, सगळं तोंडावर बोलून घेतात. ते तसंच असायला हवं, कारण तो व्यवहार आहे. अडचण एवढीच की आपण घरातल्या माणसांशीही मनातल्या मनात असंच साल ठरवून ठेवतो. मी इतकं केलं, त्याने तितकं करावं. आणि समोरच्याला या कराराचा पत्ताच नसतो.

हा न बोललेला करार सोडून देऊन समोरच्याचं भलं चिंतणं आणि जमेल तसं भलं करणं, याला मी निरपेक्ष प्रेम म्हणते. तो माणूस आवडला पाहिजे असं यात नाही, त्याचं वागणं पटलं पाहिजे असंही नाही. त्याने बदलावं ही अटसुद्धा नाही.

२. हे तर चांगलं वागणं झालं. यात अध्यात्म कुठे आलं?

भागवताच्या पहिल्याच स्कंधात कथा सांगणारे सूत समोरच्या ऋषींना सांगतात की माणसाचा श्रेष्ठ धर्म म्हणजे भगवंतावरची 'अहैतुकी' भक्ती. म्हणजे जिच्यामागे काही मिळवण्याचा हेतू नाही अशी. त्याच श्लोकात पुढे तिचं फळही सांगितलंय, तिच्यामुळे आत्मा प्रसन्न होतो. आमच्या बैठकीचा सगळा विषय या एका श्लोकात आहे.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं सांगतात. त्यातलं पहिलं लक्षण पूजाअर्चा नाही, उपवास नाही. 'अद्वेष्टा सर्वभूतानाम्', कोणत्याही प्राण्याचा द्वेष न करणारा. लगेच पुढे मैत्री आणि करुणा येते. ज्ञानेश्वरांनी याच अध्यायात पुढे झाडाचा दृष्टान्त दिलाय: लावणारा असो की तोडायला आलेला, झाड दोघांनाही सारखीच सावली देतं.

खान्देशच्या माणसाला हा अध्याय आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार त्यांनी सोबतच्या कैद्यांना गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. बाराव्या अध्यायाचा रविवार होता ८ मेचा. मे महिन्यातलं धुळं ज्यांनी सोसलंय त्यांनी क्षणभर डोळे मिटून ती बराक, ती तापलेली भिंत आणि तिथे चाललेलं भक्तीचं निरूपण डोळ्यांपुढे आणावं. मी दर मे महिन्यात आणते.

चांगलं वागणं लोकांच्या धाकानेही होतं. ते अध्यात्म कधी होतं? जेव्हा त्यात आपला 'मी' झिजायला लागतो तेव्हा. हिशेब ठेवणारा तोच असतो.

३. आनंद येतो कुठून? मला तर जीव लावून फक्त दुःखच मिळालं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. याचं उत्तर पुस्तकातून द्यायला माझं मन होत नाही, म्हणून घरातलं सांगते.

माझ्या सासूबाईंची शेवटची अडीच वर्षं विस्मरणात गेली. त्याआधी मी चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली संसार केला आणि त्या चौदा वर्षांत माझ्या हाताच्या एकाही पदार्थाला त्यांनी बरं म्हटलं नव्हतं. माझ्या मनात ते सगळं लिहिलेलं होतं, तारखेसकट. आजारपणात त्यांचं करताना आतून एक वाट पाहणं चालू असायचं. आता तरी म्हणतील, बाई, तू केलंस म्हणून मी जगले.

एका दुपारी कळण्याची भाकरी दुधात कुस्करून भरवत होते. कूलरचा आवाज, खिडकीला ओला पडदा. दोन घास गेले आणि तिसरा त्यांनी थुंकला. माझ्याकडे बघून शेजारच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "ही बाई कोण आहे?" भाकरीचा एक तुकडा त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांत अडकला होता. तो काढताना एकाएकी लक्षात आलं की आता मला कधीच काही मिळणार नाही. ज्यांच्या नावावर मी एवढं येणं मांडून ठेवलं होतं, त्यांना मी कोण हेच माहीत नव्हतं. वसुली कुणाकडून करायची?

मला वाटलं होतं, असं कळलं की रडू येईल. तसं झालं नाही. खांद्यावरची घागर कुणी उतरवून घ्यावी तसं वाटलं. मी वाटी पुन्हा उचलली, हनुवटी पुसली आणि चौथा घास भरवला. त्या घासात मला काही मिळवायचं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं मी ज्या सुखात होते तसं सुख मला देवळातही क्वचित मिळालंय. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिडले, हेही सांगायला हवं. पण ती चव कळली होती.

तुम्हाला दुःख मिळालं ते जीव लावल्यामुळे मिळालं असं मला वाटत नाही. जीव लावताना सोबत जे वाट पाहणं होतं, दुःख त्याचं होतं. परतफेडीतून येणारा आनंद समोरच्याच्या हातात असतो. प्रेम करतानाच जो उमटतो तो आपल्या हातात असतो, आणि तो कुणाला हिरावूनही घेता येत नाही.

४. प्रेम आणि मोह यांतला फरक ओळखायचा कसा?

बौद्ध परंपरेत मैत्रीभावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत. लांबचा शत्रू म्हणजे द्वेष. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे आसक्ती. ती प्रेमाचाच वेश घेऊन येते, म्हणून जास्त फसवते.

मी स्वतःसाठी एक खूण ठेवली आहे. ज्याच्यावर माझं प्रेम आहे तो माझ्याशिवाय आनंदात आहे असं कळलं तर मला बरं वाटतं का? मुलगी सासरी रमली आणि तिचे फोन कमी झाले, तेव्हा आधी काय उमटतं, समाधान की टोचणी? टोचणी उमटली तर स्वतःला दोष देऊ नका. तेवढा भाग मोहाचा आहे, इतकंच समजून घ्या. बहुतेक नात्यांत दोन्ही मिसळलेलं असतं.

५. "मना आंडोर सुरतले ऱ्हास. सहा-सहा महिना फोन करत नई. मी त्यानावर आखो कितला जीव लावू?"

ही अहिराणीतली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आंडोर म्हणजे मुलगा. माय, जीव किती लावायचा याला माप नाही. पण जीव कसा लावायचा ते बघता येईल.

रामायणात लक्ष्मण रामाच्या जवळ राहिला आणि भरत चौदा वर्षं लांब राहिला. भरताला रामाचा निरोप येत नव्हता, दर्शन नव्हतं. तरी तो रामाचंच काम करत राहिला. धुळ्याच्या त्या निरूपणात विनोबांनी या दोन भावांवरूनच सगुण आणि निर्गुण भक्ती समजावून सांगितली आहे. लांबून केलेलं प्रेम कमी दर्जाचं नसतं.

फोन तुम्ही करा. 'इतक्या दिवसांनी आठवण आली का' हे वाक्य मात्र गिळून टाका. जेवलास का, काम कसं चाललंय, एवढं विचारा आणि ठेवा. मुलं पुष्कळदा फोन टाळतात ते प्रेम आटलं म्हणून नव्हे, तर उशिराचा जाब द्यावा लागेल म्हणून. आणि त्याने नाहीच उचलला, तर त्याचं नाव घेऊन देवापुढे दिवा लावा. त्या दिव्याला सुरतेहून उत्तर यायची गरज नाही.

६. रोज काय करायचं? नुसतं ऐकून मन बदलत नाही.

खरंय, ऐकून बदलत नाही. दोन गोष्टी सांगते.

पहिली, सकाळी पाच-सात मिनिटं शांत बसून भलं चिंतणं. सुरुवात स्वतःपासून करायची: मी सुखात असावी, माझं भय जावं. मग एखादं आवडतं माणूस. मग अनोळखी, काल एसटीत तिकीट देणारा कंडक्टर चालेल. आणि शेवटी ज्याच्याशी वाकडं आहे तो. ही बौद्धांची जुनी रीत आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच दिवशी वैऱ्यापासून सुरुवात केली तर मन बिथरतं. वैऱ्यापाशी यायला महिना लागला तरी चालेल.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त परिणाम करते. दिवसातून एक काम असं करायचं की ते कुणी केलं हे कुणालाही कळणार नाही. बसस्टॉपवरच्या पाणपोईचा माठ भरून ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवा. सामाईक जिना झाडून काढा. करायचं आणि विसरायचं, घरीही सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात 'सांगावं' म्हणून जीभ किती वळवळते ते बघा. ती वळवळ म्हणजे आपल्या हिशेबाची वही. समोरासमोर भेटते.

७. मी आपल्या खान्देशच्या कानबाई देवीला, एकविरा आईला नवस बोलते. मग माझी भक्ती निरपेक्ष नाही. ती खोटी का?

मुळीच खोटी नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: संकटात सापडलेला, जाणू इच्छिणारा, काही मागणारा आणि ज्ञानी. भगवंत ज्ञान्याला आपला आत्मा म्हणतात हे खरं, पण त्याच श्लोकात 'हे सगळेच उदार आहेत' असंही म्हणतात. आईकडे मूल आधी मागण्यासाठीच जातं. मागून झाल्यावर थोडा वेळ काही न मागता तिच्यापाशी बसा, एवढंच सुचवीन.

८. मला राग येतो, फार येतो. मग हा मार्ग माझ्यासाठी नाही का?

आपल्याकडची मुक्ताई आठवा. तापीकाठी मेहूणला १२९७ साली ती अंतर्धान पावली असं परंपरा सांगते, आणि आजही मुक्ताईनगरहून तिची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून आत बसले, तेव्हा या धाकट्या बहिणीने दाराबाहेर उभं राहून त्यांची समजूत काढली आणि ताटी उघडायला लावली. ज्ञानदेवांनाही दार लावून घ्यावंसं वाटलं, असं वारकऱ्यांनी शतकानुशतकं गायलंय. त्यात त्यांना ज्ञानदेवांचा कमीपणा वाटला नाही.

राग येणं ही लहर आहे. तो धरून ठेवणं, त्याला रोज खाऊपिऊ घालणं हा द्वेष. पहिल्यावर आपला ताबा नसतो, दुसऱ्यावर असतो. दार लागलं तर लागू द्या. उघडायला सांगणारं एक माणूस मात्र जवळ असू द्या.

९. नवरा दारू पिऊन मारतो. सासू म्हणते, सहन कर, प्रेमाने माणूस बदलतो. तुमचंही हेच म्हणणं आहे का?

नाही. हे उत्तर मी अगदी स्पष्ट शब्दांत देते, कारण या विषयाचा सर्वांत वाईट वापर इथेच होतो.

मार खाणं म्हणजे प्रेम करणं नव्हे. ज्याचं भलं व्हावं असं वाटतं त्याला आपण रोज पाप करू देत नाही. त्याच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडणं हे तुमच्यासाठी आवश्यक आहे आणि त्याच्याही भल्याचं आहे. माहेरी जा, मैत्रिणीकडे जा, मुलांना घेऊन जा. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे. जिवाला धोका असेल तर ११२ लावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, खर्चासाठी पैसे मागता येतात. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे तक्रार देता येते.

एका ताईंनी यावर मला लिहिलं, "पण ज्ञानेश्वरीतलं झाड तर कुऱ्हाडवाल्यालाही सावली देतं." मी बरेच दिवस याचा विचार केला. झाडाला जागा सोडता येत नाही, तुम्हाला येते. तो दृष्टान्त मन कसं असावं याचा आहे, घाव खात उभं राहावं असा नाही. घराबाहेर पडल्यावर, सुरक्षित झाल्यावर, पुष्कळ दिवसांनी, त्याची दारू सुटावी असं मनापासून वाटलं तर ती सावली. आणि तसं वाटलं नाही तरी तुमच्या साधनेत काही उणं नाही. आधी जीव.

१०. मोठ्या भावाने बांध कोरून माझी जमीन दाबली. कानबाईच्या रोटांना आम्ही एका पंगतीत बसतो. मी गप्प बसावं का?

गप्प बसू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, खुणा कायम करून घ्या, लागलं तर दावा लावा. पहिल्या उत्तरात म्हटलं तेच इथे: व्यवहारातला हिशेब चोख ठेवावा, मनातला सोडावा. आपली अडचण उलटीच असते. तोंडावर काही बोलत नाही आणि आत वीस वर्षं व्याज चढत राहतं.

कानबाईचे रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, भाऊबंदांनीच मिळून खायचे असतात, ही जुन्या माणसांची रीत मला फार शहाणपणाची वाटते. वर्षातून एकदा का होईना, भांडलेल्या भावांची पानं शेजारी मांडली जातात. मोजणीची नोटीस सोमवारी गेली असली तरी श्रावणातल्या त्या रविवारी भावाच्या पानात रोट वाढायला तुमचा हात अडू नये. हे जमतं. आमच्या बैठकीतल्या एका काकांनी करून दाखवलं. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी पुतणीच्या लग्नात मांडवाची सगळी धावपळही त्यांनीच केली.

११. ज्याने एकदा फसवलं त्याला पुन्हा उसने पैसे द्यायचे का?

देऊ नका. द्यायचेच असतील तर परत येणार नाहीत असं धरून, झेपेल तेवढेच द्या आणि त्याला उसने म्हणू नका.

१२. सगळ्यांचं करून मी थकून जाते. मग आनंद तर नाहीच, चिडचिड होते.

थकव्याची कारणं दोन असू शकतात. काम खरोखरच एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं असेल तर मदत मागा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करताना मी पाळ्या लावल्या नव्हत्या ही माझी चूक होती आणि ती माझ्या पाठीने भोगली. दुसरं कारण हिशेबाचं असतं, त्याबद्दल तिसऱ्या आणि सहाव्या उत्तरात लिहिलंय. भलं चिंतताना सुरुवात स्वतःपासून करायची, हा नियम उगाच नाही.

पण आठवडेच्या आठवडे काहीच गोड लागत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर याला साधनेतली कमतरता समजू नका. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

१३. घरच्यांवर प्रेम समजलं. पण दुसऱ्या जातीधर्माच्या माणसावरही?

जन्माची अट ही सगळ्यात जुनी अट. ती ठेवून बाकीच्या सोडल्या तर काहीच सोडलं नाही.

साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचं आईसारखं करायचे. तोच माणूस १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसला, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्या भावाबहिणींना खुलं व्हावं म्हणून. मुलांवरची माया आणि जीव पणाला लावणं या त्यांच्या लेखी वेगळ्या गोष्टी नव्हत्या. प्रेम हळवं असतं असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे उदाहरण सांगते.

१४. वडील गेले. हयातभर आमच्याशी कडू वागले. आता आखाजीला त्यांच्या नावाने घागर भरायची, तर हात जड होतो. काय करू?

हा प्रश्न दर वैशाखात येतो आणि दर वेळी मला थांबून विचार करावा लागतो.

गेलेल्या माणसाकडून काही मिळायचं उरलेलं नसतं, माफीसुद्धा नाही. तिसऱ्या उत्तरात जे मला सासूबाई जिवंत असताना कळलं, तिथे तुम्ही आपोआप येऊन उभे आहात. ते चांगले होते असं म्हणू नका, तसं म्हणायची सक्ती कुणी करू नये. जे झालं ते झालं. मनातून येत नसेल तर या वर्षी घागर भावाला भरू द्या, तुम्ही बाजूला बसा.

गेल्या आखाजीला एका भाऊंना मी एवढंच सांगितलं होतं की वडिलांसाठी म्हणून भरता येत नसेल तर तहानलेल्या माणसासाठी म्हणून भरा. उन्हाचे दिवस आहेत, कुणालाही तहान लागते. संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. नवी मातीची घागर, तिच्यावर लहान मडकं, शेजारी खरबूज आणि आंबे. खाली लिहिलं होतं, "भरली. काठोकाठ."